साठ मीटरवर हेलियम घेऊन जाताना बेंड्सचा हिशेब कसा मांडायचा

घोडबंदर रोडवरून एका स्कूबा डायव्हरचा आलेला प्रश्न थोडक्यात असा. दीडशेच्या आसपास डाइव्ह झाले आहेत, बरेचसे नेत्राणी (कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं बेट) आणि अंदमानचे. नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन मिसळलेली हवा) आणि डीकोचा (वर येताना टप्प्याटप्प्याने थांबून शरीरातला वायू बाहेर जाऊ देण्याचा) कोर्स झाला आहे. आता परदेशात ट्रायमिक्सचा (ऑक्सिजन, हेलियम, नायट्रोजनच्या मिश्रणाचा) कोर्स करून ६० मीटरवर बुडालेल्या एका जहाजावर २० मिनिटं घालवायची आहेत. एक मित्र म्हणतो, हेलियम हलका, लवकर शिरतो तसा लवकर निघतो, म्हणून डीको कमी लागतो. दुसरा म्हणतो, हेलियमने बेंड्स (वर येताना विरघळलेल्या वायूचे शरीरात बुडबुडे होऊन होणारा आजार) जास्त होतात. खरं कुणाचं? डाइव्ह कंप्युटर सांगेल तसं थांबलं की झालं ना? आणि जाता जाता: टीटीसीतल्या (नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातल्या) एखाद्या गॅसवाल्याकडून हेलियमचा सिलिंडर आणून इथेच मिश्रण करता येईल का?

दोन्ही मित्रांचं अर्धं अर्धं बरोबर आहे, पण वाद भलत्याच मुद्द्यावर चालला आहे. ६० मीटरवर हेलियम नेतात ते डोकं ताळ्यावर राहावं आणि श्वास ओढताना दम लागू नये म्हणून. डीको वाचवायला कुणी नेत नाही. बेंड्स होणार की नाही, हे टाकीत हेलियम किती यापेक्षा वर येताना जिथे जितकं थांबायचं तिथे तितकं थांबण्याइतका वायू, भान आणि ऊब तुमच्याकडे शिल्लक आहे का, यावर जास्त ठरतं. खाली देतोय ते आकडे याच एका डाइव्हचे: ६० मीटर, ओपन सर्किट (सोडलेला श्वास पाण्यात जातो ती साधी पद्धत), कोमट पाणी, दोघांची टीम. रीब्रीदर (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा देणारं यंत्र) असेल, पाणी थंड असेल किंवा जहाजाच्या आत शिरायचं असेल तर हिशेब बदलतो. थांब्यांचं टेबल मी मुद्दाम देत नाही. ते सॉफ्टवेअरवर काढायचं आणि प्रशिक्षकासमोर बसून काढायचं.

आधी हवा का नको ते पाहू. ६० मीटरवर दाब ७ बार. हवेची घनता पृष्ठभागावर लिटरला साधारण १.३ ग्रॅम, म्हणजे तिथे ती ९ ग्रॅमच्या घरात जाते. श्वासाच्या वायूची घनता ५.२ ग्रॅमच्या आत ठेवावी, ६.२ च्या वर नेऊच नये, असा आजचा संकेत आहे. त्यापुढे गेलं की फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला कमी पडतात. १८/५० घेतलं, म्हणजे १८ टक्के ऑक्सिजन, ५० टक्के हेलियम आणि उरलेला ३२ टक्के नायट्रोजन, तर घनता ५.२ च्या आसपास बसते. ऑक्सिजनचा आंशिक दाब (मिश्रणातल्या एकट्या ऑक्सिजनचा दाब) ०.१८ गुणिले ७, म्हणजे १.२६ बार, तळावरच्या १.४ च्या मर्यादेत. दाबाखालच्या वायूने येणारी गुंगी साधारण २५ मीटरवर हवा घेतल्याइतकी. म्हणून या खोलीला मी १८/५० धरतो. बरेच जण १८/४५ नेतात. त्यात घनता ५.६ होते. चालतं, पण प्रवाहाविरुद्ध पाय मारावे लागले की ते अर्धं ग्रॅम जाणवतं. कार्बन डायऑक्साइड साठला की माणूस गोंधळतो, धापा टाकतो, टाकी भराभर रिकामी करतो, शिवाय ऑक्सिजनच्या झटक्याची (जास्त दाबाच्या ऑक्सिजनने येणाऱ्या फिटची) शक्यता वाढवून ठेवतो. घाबरलेला माणूस डीको अर्धवट टाकून वर येतो, आणि बेंड्सच्या पुष्कळ केसेसची सुरुवात अशी खालीच झालेली असते.

आता तुमच्या मित्रांचा वाद. जे. एस. हाल्डेन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये शेळ्यांवरच्या प्रयोगांतून मांडलं की शरीराचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेगाने वायू शोषतात आणि सोडतात. झुरिकच्या आल्बर्ट ब्युलमान यांनी पुढे अशा भागांचे १६ कप्पे धरणारं मॉडेल केलं. आजच्या बहुतेक टेक्निकल कंप्युटरच्या पोटात तेच असतं. नायट्रोजनसाठी सर्वात चपळ कप्प्याचा हाफ-टाइम (निम्मा भरायला लागणारा वेळ) ४-५ मिनिटं, सर्वात सुस्त कप्प्याचा ६३५ मिनिटं. हेलियमचा अणू हलका, म्हणून तेच आकडे सुमारे २.६५ ने भागायचे. शेवटचा कप्पा २४० मिनिटांवर येतो. २० मिनिटांच्या डाइव्हमध्ये याचा परिणाम असा की मधल्या कप्प्यांत हेलियम नायट्रोजनपेक्षा जास्त भरलेला दिसतो. मग कंप्युटर पहिला थांबा जास्त खोल आणि एकूण डीको जास्त लांब दाखवतो. याला हेलियम पेनल्टी म्हणतात, आणि तुमच्या दुसऱ्या मित्राचं म्हणणं इथूनच आलेलं आहे.

पण हा दंड मॉडेलमधला आहे. शरीर तो तितका भरतं का, ही वेगळी गोष्ट. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्राने २०१५ मध्ये २०० फुटांवरच्या डाइव्हसाठी ट्रायमिक्स आणि हेलिऑक्स (फक्त हेलियम आणि ऑक्सिजन) समोरासमोर तपासले. हेलियमच्या जागी थोडा नायट्रोजन घातल्याने डीको सोपा होतो, असं काही निघालं नाही. व्यवहारात अर्थ एवढाच: कागदावर चार मिनिटं वाचावीत म्हणून हेलियम कमी करू नका. वाचलेली चार मिनिटं बहुधा खोटी असतात, वाढलेली घनता मात्र खरी. पैसे वाचवायला लोक हेलियम कमी करतात आणि सांगताना डीकोचं कारण पुढे करतात, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

कंप्युटर पाळला तरी बेंड्स होतात का? होतात. कंप्युटरला खोली, वेळ आणि तुम्ही त्याला सांगितलेला वायू, एवढंच कळतं. तुम्ही थंडीने कुडकुडताय, रात्री बसमध्ये झोप झालेली नाही, खाली नांगराच्या दोरीशी दहा मिनिटं झटापट केलीत, यातलं काही त्याला ठाऊक नसतं. तो तुम्हाला एका रेषेच्या अलीकडे ठेवतो, आणि ती रेष कुठे आखायची हे तुम्ही ग्रेडियंट फॅक्टरने ठरवता. दोन आकडे असतात. पहिला ठरवतो पहिला थांबा किती खोल घ्यायचा. दुसरा ठरवतो पृष्ठभागावर येताना मॉडेलच्या कमाल मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत जायचं. पूर्वी २०/८०, अगदी १०/८५ सुद्धा ठेवायची पद्धत होती. खोल थांबे घेतले की बुडबुडे मुळातच कमी होतात, असा समज होता. २०११ मध्ये त्याच नौदल केंद्राने १७० फुटांवर ३० मिनिटांच्या हवेवरच्या डाइव्हचा प्रयोग प्रसिद्ध केला. एकूण डीको सारखाच ठेवला, फक्त थांब्यांची वाटणी बदलली. खोल थांबे जास्त घेणाऱ्या गटात बेंड्सचं प्रमाण तिपटीहून अधिक आलं. कारण साधं आहे. ३५-४० मीटरवर थांबलात तेव्हा चपळ कप्पे रिकामे होत असतात, पण सुस्त कप्पे अजून भरतच असतात, आणि त्याची फेड शेवटी उथळ पाण्यात करावी लागते. या डाइव्हसाठी मी ५०/७५ लावतो. चाळिशीच्या पुढचं वय, थंड पाणी किंवा सलग तिसरा दिवस असेल तर दुसरा आकडा ७० वर आणतो. त्याने सहा मीटरवर ऑक्सिजनची काही मिनिटं वाढतात, आणि ती सगळ्यात स्वस्त मिनिटं आहेत.

इथपर्यंतचा मुद्दा एवढाच की मॉडेल कुठलंही घ्या, ते तुम्ही खरोखर थांबू शकलात तरच कामाचं. आणि थांबणं फसतं ते बहुतेक वेळा वायू संपल्यामुळे. म्हणून तुमची २० मिनिटं टाकीत बसतात का, तेच मोजून पाहू.

शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर वायू वापरतो असं धरू. ६० मीटरवर ७ बार, म्हणजे मिनिटाला १४० लिटर. आता वाईटात वाईट क्षण धरा: तळावर, वेळ संपता संपता, जोडीदाराचा वायू गेला. तुम्ही दोघं एकाच सेटवर, घाबरलेले, प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर, मिळून ६०. प्रश्न सोडवून निघायला दोन मिनिटं: ६० गुणिले ७ गुणिले २, म्हणजे ८४० लिटर. ६० वरून २१ मीटरपर्यंत यायला मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने, जराशा अडखळण्यासकट, पाच मिनिटं. सरासरी दाब ५ बार: १५०० लिटर. २१ मीटरवर डीकोच्या (थांब्यांसाठी नेलेल्या वेगळ्या) टाकीवर जायला एक मिनिट: १८६ लिटर. बेरीज २५२६, म्हणजे २५३० धरू. हा साठा कुणी हात लावायचा नाही असा.

१२ लिटरच्या दोन टाक्या २०० बारला भरल्या तर एकूण ४८०० लिटर. त्यातून २५३० गेले, उरले २२७०. खाली उतरायला तीन मिनिटं आणि सुमारे २४० लिटर. राहिले २०३०, भागिले १४०: साडेचौदा मिनिटं. म्हणजे उतरण्यासकट साडेसतरा. तुमची २० मिनिटं यात बसत नाहीत. आणि आपल्याकडे सगळीकडे मिळते ती ११.१ लिटरची ॲल्युमिनियम टाकी जोडीने घेतली तर उतरण्यासकट १५ मिनिटांवर निघावं लागतं. २३० बार भरून मिळाली तर १२ च्या जोडीत २० मिनिटं बसतात, नाहीतर १५ लिटरची जोडी. हेच उलट्या बाजूने पाहा: १२ च्या जोडीत काटा १०५ बारवर आला की निघायचं, मग तळावर कितीही सुंदर काही दिसत असो. निम्म्याहून जास्त वायू न वापरता परत आणायचा, हे ऐकून नवशिक्याला उधळपट्टी वाटते. गणित हे आहे. तुमचा स्वतःचा वापर २० आहे की २६, हे आधी चार डाइव्हमध्ये मोजून घ्या. २६ असेल तर वरचे सगळे आकडे आणखी खाली येतात.

डीकोच्या दोन टाक्या: ५० टक्क्यांचा नायट्रॉक्स २१ मीटरपासून, शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरवर. ऑक्सिजनचा आंशिक दाब अनुक्रमे १.५५ आणि १.६, थांब्यावर शांत असताना इतका चालतो. दोन्हींमध्ये लागणाऱ्या वायूच्या दीडपट भरून न्या. एक टाकी हरवली किंवा तिचा रेग्युलेटर गेला, तर उरलेल्या वायूवर डीको किती लांबतो, हे डाइव्हच्या आधी काढून पाटीवर लिहिलेलं हवं. माझ्या पाटीवर चार ओळी असतात: ठरल्याप्रमाणे, ३ मीटर खोल गेल्यास, ५ मिनिटं उशीर झाल्यास, ऑक्सिजन नसल्यास. ५० टक्के नायट्रॉक्स हरवला तर काय, ते टीमने वाटून घ्यायचं: आधी जोडीदार त्याची मिनिटं घेतो, मग टाकी तुमच्याकडे, तो तेवढा वेळ तळाच्या वायूवर. हे कागदावर सोपं आहे. पाण्यात करून पाहायचं असेल तर आधी तरणतलावात करा. ठाण्यात किंवा नेरुळला दीड-दोन मीटर पाण्यातसुद्धा टाकी देणं-घेणं आणि डोक्यामागे हात नेऊन व्हॉल्व्ह बंद-चालू करणं बसवता येतं. खोल सरावाला तारकर्लीच्या एमटीडीसीच्या डायव्हिंग संस्थेतला तलाव बरा.

वायू बदलण्याची मिनिटभराची क्रिया जरा बारकाईने सांगतो, कारण चूक इथे जीव घेते. २१ मीटरवर चुकून ऑक्सिजन तोंडात घेतलात तर आंशिक दाब ३.१ बार होतो. झटका आला की रेग्युलेटर तोंडातून सुटतो आणि माणूस बुडतो, त्याला बेंड्स व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून प्रत्येक टाकीवर तिची कमाल खोली बोटभर उंचीच्या आकड्यात लिहायची, जोडीदाराला लांबून दिसेल अशी. खोलीवर स्थिर व्हा, तो आकडा वाचा, व्हॉल्व्ह उघडा, व्हॉल्व्हपासून नळी हाताने पकडत पकडत तोंडापर्यंत या, जोडीदाराने मान हलवली की मगच तोंडात घ्या. मग कंप्युटरवर वायू बदला. हा क्रम उलटा झाला तर दुसरा घोटाळा होतो: कंप्युटरला वाटतं तुम्ही ५० टक्क्यांवर आहात, प्रत्यक्षात तुम्ही १८/५० च ओढताय. डीको कमी मोजला जातो, तुम्ही पडद्यावरचं सगळं पाळून वर येता आणि तरीही बेंड्स होतात. 'कंप्युटर पाळूनही झाले' म्हणणाऱ्यांच्या डाइव्हची नोंद उघडली की काही वेळा हेच सापडतं.

हेलियमचा स्वतःचा असा एक धोका मात्र आहे, आणि तो आतल्या कानाचा. हेलियमने भरलेले असताना तुम्ही एकदम नायट्रोजनबहुल वायूवर गेलात तर नायट्रोजन आत शिरू लागतो आणि हेलियमला अजून पुरतं बाहेर पडता आलेलं नसतं. काही मिनिटं दोघांचा मिळून दाब वाढतो. आतल्या कानात रक्तपुरवठा बेताचा, म्हणून बुडबुडे तिथे धरतात. गरगरायला लागतं, उलट्या होतात, कानात आवाज, कधी कायमचं बहिरेपण. पाण्यात थांब्यावर असताना हे झालं तर दोरीला धरून राहणंही कठीण. १८/५० वरून ५० टक्के नायट्रॉक्सवर जाताना नायट्रोजन ३२ वरून ५० टक्क्यांवर उडी मारतो. २१ मीटरवर आणि इतक्या कमी वेळाच्या डाइव्हनंतर ही उडी सर्रास घेतली जाते. मीही घेतो. पण वायू वाचवण्यासाठी ४० मीटरच्या आसपास हवेवर किंवा पातळ नायट्रॉक्सवर येण्याची जुनी पद्धत कुणी शिकवली तर ऐकू नका. तळावरचा वेळ वाढला किंवा खोली ७५-८० कडे गेली, की मधल्या टाकीतही थोडा हेलियम ठेवायचा.

वर येताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ६० वरून ५४ मीटरवर येताना दाब ७ वरून ६.४ होतो, म्हणजे नऊ टक्क्यांच्याही आत घट. शेवटच्या ६ मीटरमध्ये तो १.६ वरून १ वर येतो. खोल पाण्यातून मिनिटाला ९ मीटरने वर या, रेंगाळू नका, तिथे प्रत्येक मिनिट शरीरातला वायू वाढवतं. सहा मीटरवरचा थांबा संपला की पृष्ठभाग गाठायला पाच-सहा मिनिटं घ्या.

शरीराचं थोडं पटकन सांगतो. तळावर गरम आणि थांब्यावर गार, ही सगळ्यात वाईट जोडी. तळावर रक्त भराभर फिरून वायू आत नेतं आणि वर गारठल्यावर हातापायांचा रक्तपुरवठा आखडला की तोच वायू अडकतो. कोमट समुद्रातसुद्धा तासभर लोंबकळलात की थंडी वाजते. ५ मिलिमीटरचा सूट आणि हूड घाला, उकडलं तरी. पाण्यातून निघाल्यावर अर्धा ते दोन तास शिरांमधले बुडबुडे सर्वाधिक असतात. नेमक्या त्याच वेळी लोक ३०-३५ किलोचा सेट पाठीवर घेऊन शिडी चढतात. सेट पाण्यातच काढून वर द्या. जोर लावताना छातीतला दाब वाढतो, आणि ज्यांच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं जन्मापासूनचं छोटं छिद्र बुजलेलं नसतं, त्यांच्यात बुडबुडे फुप्फुसांच्या गाळणीला वळसा घालून थेट मेंदूकडे जातात. साधारण चारातल्या एका माणसाला हे छिद्र असतं आणि त्यातल्या बहुतेकांना कधीच काही होत नाही. सगळ्यांनी तपासणी करावी असं नाही. पण पूर्वी कारण न सापडलेले बेंड्स झाले असतील, विशेषतः पोटावर-दंडावर जांभळट जाळीदार डाग, कान किंवा मेंदूची लक्षणं, तर कार्डिओलॉजिस्टकडून शिरेतून बुडबुड्यांचं सलाइन देऊन, जोर लावायला सांगून केलेली इको करून घ्या. साधी कलर डॉप्लर इको पुष्कळदा ते छिद्र दाखवतच नाही, म्हणून 'इको नॉर्मल आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. अर्धशिशीआधी डोळ्यांसमोर चकाकणाऱ्या रेषा येत असतील तर डॉक्टरांना तेही सांगा.

टीटीसीतल्या हेलियमचं. हेलियम मिळेल, प्रश्न तो नाही. १२ च्या जोडीत २०० बारचं १८/५० करायला १०० बार हेलियम, १९ बार शुद्ध ऑक्सिजन आणि वर ८१ बार स्वच्छ हवा लागते. ४७ लिटरचा, १५० बारचा भरलेला मोठा सिलिंडर जोडला की दोन्हीकडचा दाब ९९ बारला सारखा होऊन प्रवाह थांबतो. म्हणजे अख्ख्या सिलिंडरमध्ये जेमतेम एक भरणी. दुसरीच्या वेळी ६५ बारवरच अडकता. पुढे बूस्टर पंप नाहीतर सिलिंडरची रांग. त्याहून गंभीर म्हणजे ऑक्सिजन: ज्या टाकीत, व्हॉल्व्हमध्ये आणि नळीत शुद्ध ऑक्सिजन जाणार, त्यात तेल-ग्रीसचा अंशही चालत नाही, आणि घाईने उघडलेला व्हॉल्व्ह आग लावायला पुरतो. वरची हवा साध्या कंप्रेसरची असेल तर त्यातूनही तेल येतं. फुग्यांसाठीच्या हेलियममध्ये हवा मिसळलेली असू शकते. मिश्रण झाल्यावर टाकी काही तास ठेवून मग ऑक्सिजन आणि हेलियम दोन्ही मोजणारा ॲनालायझर लावावा लागतो, आणि डाइव्हआधी ज्याने त्याने आपली टाकी स्वतः पुन्हा मोजायची. शिवाय गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे सिलिंडर भरायला पेसोचा (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं केंद्र सरकारी खातं) परवाना लागतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायची ही गोष्ट नाही. आणि सरावाला इथे हेलियम हवाच कशाला? नेत्राणीला ४० मीटरच्या आत नायट्रॉक्सवर हीच सगळी कवायत बसते.

परतीचा प्रवास लोक विसरतात. डीकोच्या डाइव्हनंतर विमानाला २४ तास हे माझं किमान. सलग काही दिवस ट्रायमिक्स असेल तर ४८. विमानाच्या आतला दाब २४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका खाली जाऊ शकतो. पण घाटही उंचीच आहे. मुरुडेश्वरहून डाइव्ह संपवून त्याच संध्याकाळी गाडीने हुबळी-बेळगाव-कोल्हापूर-पुणे करत निघालात, तर तुम्ही साधारण ५५० ते ७५० मीटरवर रात्रभर असता आणि मग लोणावळ्याहून खाली उतरता. अमेरिकी नौदलाच्या टेबलांत डाइव्हनंतर ३०० मीटरच्या वर चढायलाही प्रतीक्षा दिलेली आहे. कोकण रेल्वे पकडा. पनवेल-ठाण्यापर्यंत ती समुद्राच्या जवळच्याच उंचीने येते, आणि रात्रीची झोपही होते. अंदमानहून बहुतेक जण विमानानेच येतात, तेव्हा शेवटचा दिवस कोरडा ठेवा.

घरी आल्यावर खांदा किंवा कोपर आतून ठणकू लागलं, हात-पायाला मुंग्या आल्या, चालताना तोल गेला, लघवी होईना, कारण नसताना भयंकर थकवा आला, तर 'ट्रेनमध्ये अवघडलो असेन' म्हणून बाम चोळून झोपू नका. बहुतेक लक्षणं पहिल्या सहा तासांत येतात, जवळपास सगळी २४ तासांत. आडवं व्हा, मास्कने १०० टक्के ऑक्सिजन मिनिटाला १५ लिटर, शुद्धीवर असाल तर पाणी किंवा ओआरएस. बी टाइपचा छोटा मेडिकल सिलिंडर दीड घनमीटरचा असतो. १५ लिटरने तो शंभर मिनिटं चालतो, आणि ठाण्याहून कुलाबा संध्याकाळच्या वाहतुकीत त्याहून जास्त वेळ घेऊ शकतं. नवी मुंबईहून अटल सेतूने बरं पडतं. त्यामुळे दोन सिलिंडर, नाहीतर १०८ ची रुग्णवाहिका. ऑक्सिजनने बरं वाटलं तरी डॉक्टर टाळू नका, उतरलेलं दुखणं परत येतं. बरं करायला म्हणून पुन्हा पाण्यात उतरणं तर नाहीच.

उपचार प्रेशर चेंबरमध्ये होतो. नेहमीचं उपचार-टेबल १८ मीटरच्या दाबाला, २.८ बारवर ऑक्सिजन देऊन सुरू होतं आणि पावणेपाच तास चालतं. शहरात हायपरबेरिक ऑक्सिजन म्हणून जाहिरात करणाऱ्या काही ठिकाणी कापडी फुगवायचे चेंबर असतात. ते १.३ बारच्या आसपास थांबतात, बेंड्सला उपयोगाचे नाहीत. म्हणून सहलीला निघण्याआधीच फोन करून चार प्रश्न विचारा: २.८ बारपर्यंत जाता का, रात्री आणि रविवारी रुग्ण घेता का, आत सोबत माणूस बसू शकतो का, डायव्हिंगचे रुग्ण घेता का. कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयाच्या आवारात इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन आहे. नागरिकांना तिथे घेतात का आणि कुणाच्या पत्राने, हेही आधीच विचारून ठेवायचं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या मदत-संस्थेचा विमा काढलेला असेल तर त्यांचा डॉक्टर फोनवर इथल्या डॉक्टरांशी बोलतो. हे महत्त्वाचं, कारण अपघात विभागातल्या डॉक्टरांनी आयुष्यात बेंड्सचा रुग्ण पाहिलेला असेलच असं नाही.

त्यांच्यासाठी पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: कमाल खोली, तळावरचा वेळ, कुठले वायू, पाण्याबाहेर आल्याची वेळ, पहिलं लक्षण आणि त्याची वेळ. खाली ठळक अक्षरांत एक ओळ: वेदनेसाठी एंटोनॉक्स देऊ नये. त्यातला नायट्रस ऑक्साइड बुडबुड्यांत शिरतो आणि ते फुगवतो.